क्षमा करायची कोणी?



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही काही इतिहासाचे लिहा, असे समितीच्या मंडळींनी सांगितले. मी प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तीस वर्षांहून जास्त काळ उभा राहिलेला माणूस. शाळा नववीला सुटली. त्यापुढचे वाचन रात्रपाळीनंतरच्या दुपारी आणि आपल्या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा चुकले तर जाणकारांनी सांगावे.

विषय मी निवडला नाही, तो चालून आला. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावचा एक म्हातारा माणूस दवाखान्याच्या कामाने शहरात आला होता. पत्ता विचारत विचारत आमच्या घरी आला. १९७८ साली आमचे घर जळाले तेव्हाच्या फिर्यादीत ज्यांची नावे होती, त्यातले एक नाव याचे. आईने पाणी दिले, चहा दिला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पाऊसपाण्याच्या झाल्या. मग तो आईला म्हणाला, "बाई, झालं गेलं विसरून जा आता. तुमच्या धर्मात तर क्षमाच सांगितली हाय."

आई काय म्हणाली ते शेवटी सांगतो. पण त्याचे हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या धम्मात खरेच एवढेच सांगितले आहे का? आणि क्षमा करायची असेल तर ती कोणी करायची? ज्याचे घर जळाले त्याने, कोर्टाने, की सरकारने?

तरुण मुलांना १९७८ ची हकिकत नीट माहीत नसते म्हणून आधी तेवढी सांगतो. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. शरद पवार तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. ठराव झाला मुंबईत आणि पेटला मराठवाडा. तेव्हा मराठवाड्याचे पाचच जिल्हे होते. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे नंतरचे. सुमारे १२०० गावांना या आगीची झळ लागली असे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. नांदेड जिल्ह्यातल्या तेंभुर्णी गावी पोचीराम कांबळे यांना जाळून मारले. ज्या गावात विद्यापीठाचे तोंड कोणी पाहिले नव्हते, तिथेही विद्यापीठाच्या नावावरून आमच्या वस्त्या जळाल्या. ज्याने जाळले त्याचा मुलगा विद्यापीठात नव्हता आणि ज्याचे जळाले त्याचाही नव्हता. मग भांडण नावाचे होते का? नव्हते. मेलेली ढोरे ओढायची नाहीत, पाटलाच्या दारात उभे राहायचे नाही, पोरांना शाळेत घालायचे, याचा राग वीस वर्षे साचलेला होता.

मी तेव्हा आठ वर्षांचा. आमचे घर कुडाचे, वर पालापाचोळा. रात्री ओरडा झाला तसे आईने धाकट्या बहिणीला काखोटीला मारले आणि आम्ही ओढ्यात जाऊन बसलो. ओढ्याला पाणी होते. तिथून उजेड दिसत होता, माणसांची तोंडे दिसत नव्हती. पहाटे एका सुताराच्या बाईने भाकरी आणून दिली, तीही लपून. तिचेही नाव लिहिले पाहिजे असे वाटते, पण ती आता नाही आणि तिच्या घरच्यांना विचारलेले नाही.

पंचनाम्यात ज्वारीची एक कणगी, दोन पत्र्याचे डबे, एक शेळी आणि कपडालत्ता एवढे नुकसान लिहिले गेले. वडिलांनी बाबासाहेबांचा एक फोटो सांगितला होता, तो लिहिला नाही. त्याची किंमत काय धरायची असे लिहिणाऱ्याने विचारले म्हणे. केस काही वर्षे चालली. साक्षीला गावातले कोणी उभे राहिले नाही आणि आरोपी पुराव्याअभावी सुटले. तोवर आम्ही शहरात आलो होतो. वडील मोंढ्यात पोती उचलत होते.

असो. आता धम्माकडे वळू.

अजिंठ्याला आपली दरवर्षी सहल जाते. तिथल्या २ क्रमांकाच्या लेण्यात क्षांतिवादी जातकाचे चित्र आहे. बहुतेक जण हत्ती आणि हंस बघून पुढे जातात, म्हणून गोष्ट सांगतो. कलाबू राजाच्या बायका एका तपस्व्याचे प्रवचन ऐकायला बसल्या म्हणून राजाला राग आला. तू काय शिकवतोस असे त्याने विचारले. तपस्वी म्हणाला, क्षांती, म्हणजे सहनशीलता. राजाने त्याला फटके मारवले, मग हात तोडवले, पाय तोडवले, नाक-कान कापवले. दर वेळी विचारले, आता काय शिकवतोस? दर वेळी उत्तर तेच. तो तपस्वी म्हणजे बोधिसत्त्व. मरतानासुद्धा त्याने राजाला दीर्घायुष्य चिंतले.

मोठी गोष्ट आहे, नाही कोण म्हणतो? पण आपल्याला ती कोण सांगतो, तेही बघावे. ज्याचे हात तुटले तो क्षमा म्हणाला तर ती क्षमा. ज्याच्या हातात तलवार आहे तो "क्षमा करा, तुमच्यात सांगितलेच आहे" म्हणाला तर त्याला काय म्हणायचे? आणि त्याच गोष्टीत कलाबू सुटत नाही. धरणी फाटते आणि त्याला गिळते. तपस्व्याने माफ केले म्हणून कर्म माफ झाले असे जातक सांगत नाही.

अंगुलीमालाचे तेच. ही गोष्ट आपल्या मुलांना पाठ आहे, पण अर्धीच. दरोडेखोराला तथागतांनी बदलले, भिक्खू केले, इथे आपण थांबतो. पुढे मज्झिम निकायात आहे की अंगुलीमाल भिक्षेला निघाला की लोक त्याला दगड मारत, काठ्या मारत. डोके फुटलेले, पात्र फुटलेले, चीवर फाटलेले अशा स्थितीत तो परत येई. तथागतांनी लोकांना बोलावून रागावले नाही. अंगुलीमालालाच सांगितले, सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. ज्यांची माणसे मेली त्यांच्यावर त्यांनी क्षमा लादली नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

विनयात तर याहून स्पष्ट आहे. अंगुलीमालाला चीवरात बघून लोक घाबरून पळू लागले आणि कुरकुर करू लागले, तेव्हा तथागतांनी नियम केला की नामचीन चोराला प्रव्रज्या द्यायची नाही. तुरुंग फोडून आलेल्याला, ज्याच्यावर राजाचे पकडहुकूम आहे त्याला, फटक्यांची शिक्षा झालेल्याला, डाग दिलेल्याला, एवढेच काय कर्जबाजारी माणसालाही संघात घ्यायचे नाही. म्हणजे संघ हे गुन्हेगाराने कायद्यापासून लपायचे ठिकाण नव्हे. कायद्याचे काम कायद्याने करावे, मनाचे काम धम्माने करावे.

मिलिंद राजाचे नाव बाबासाहेबांच्या महाविद्यालयाला आहे आणि नागसेनांचे नाव त्या परिसराला. नागसेनवनातून आपण रोज येतो-जातो. या दोघांच्या संवादात हा प्रश्न सरळ आला आहे. राजा विचारतो, तथागत म्हणतात कोणाला दुखवू नये आणि तेच म्हणतात की जो निग्रह करण्याजोगा आहे त्याचा निग्रह करावा. मग हात तोडणे, मारणे हेही त्यात आले की! नागसेन उत्तर देतात की चोराला मृत्युदंड होतो तो तथागतांच्या संमतीने होत नाही, त्याच्या स्वतःच्या कृत्याने होतो. उत्तर मला पहिल्यांदा वाचताना थोडे चलाख वाटले होते, अजूनही वाटते. पण शिक्षा ही सूड म्हणून नव्हे, केलेल्या कामाशी जोडून असावी, हा त्यातला गाभा पटतो. दीघ निकायातल्या कूटदंत सुत्तात आणखी मुळाशी हात घातला आहे. राजाच्या राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्या, तेव्हा पुरोहित सांगतो की नुसते मारून, बांधून हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला पुरेसा पगार दे. पोलीस भरती वाढवा असे त्याने सांगितले नाही!

आता दुसऱ्या बाजूला मनुस्मृती ठेवा. त्यात गुन्हा कोणता हे विचारत नाहीत, गुन्हेगाराची जात विचारतात. ब्राह्मणाला शिवी दिली तर क्षत्रियाला १०० पण दंड, वैश्याला १५० किंवा २००, आणि शूद्राला देहदंड. उलट ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर ५०, वैश्याला दिली तर २५ आणि शूद्राला दिली तर १२. सगळी पापे केली तरी ब्राह्मणाला मारू नये, धनासकट देशाबाहेर घालवावे. हे आठव्या अध्यायात आहे, कोणीही काढून बघावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हे पुस्तक का जाळले, ते या आकड्यांवरून कळते. शिक्षा जातीवर होती तशी क्षमाही जातीवर होती. वरच्याला जन्मतःच माफी आणि खालच्याला जन्मतःच गुन्हा.

आणि सम्राट अशोकाचे बघा. दिल्लीच्या स्तंभावर कोरलेल्या चौथ्या लेखात तो दोन शब्द वापरतो, व्यवहारसमता आणि दंडसमता. न्याय चालवण्यात समानता आणि शिक्षेत समानता. बावीसशे वर्षांपूर्वी! आज संविधानाच्या १४ व्या कलमात जे आहे तेच. मृत्युदंड झालेल्याला तीन दिवसांची मुदतही त्याने दिली, म्हणजे नातेवाइकांना धावपळ करता यावी किंवा त्याने परलोकाची तयारी करावी. त्याने फाशी बंद केली नाही, हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कलिंगात एक लाख माणसे मारल्याचा आणि दीड लाख लोकांना हद्दपार केल्याचा पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात आहे. क्षमा करण्याजोगे असेल ते क्षमा करावे असेही तिथेच आहे. पण अटवीच्या लोकांना लगेच बजावले आहे की पश्चात्ताप झाला तरी शिक्षा करण्याचे बळ माझ्यात आहे.

यात एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा तेरावा लेख कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगड इथे कोरलेलाच नाही. तिथे वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसे मेली त्यांना सोडून बाकी सगळ्या देशाला राजाने आपला पश्चात्ताप सांगितला. मोठ्या माणसालासुद्धा ज्याचे नुकसान केले त्याच्या डोळ्याला डोळा देणे जड जाते, असा मी याचा अर्थ लावतो. इतिहासकार कदाचित वेगळा लावतील.

आता आपल्या मराठवाड्याकडे परत येऊ. नामांतरासाठी आणखी सोळा वर्षे गेली. लाँगमार्च झाले, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्या दिवशी मी पहिल्या पाळीवरून थेट विद्यापीठाच्या गेटवर गेलो होतो, अंगावर कापसाची रुई तशीच.

पण त्यानंतर जे झाले त्याची चर्चा कमी होते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण ॲट्रॉसिटी म्हणतो, तो १९९० पासून लागू झालेला होता. १९९५ मध्ये शिवसेना-भाजपचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. या सरकारने मराठवाड्यातले ॲट्रॉसिटीचे अकराशेहून अधिक खटले मागे घेण्याचा निर्णय केला. तक्रारी खोट्या आहेत, खटले काढले की गावागावातली तेढ मिटेल, असे सरकारचे म्हणणे. त्यातल्या काही तक्रारी खोट्या असतीलही, मी प्रत्येक कागद पाहिलेला नाही. पण खोट्या की खऱ्या हे ठरवायला कोर्ट असते ना? आणि तेढ मिटवायची तर दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावे लागते. इथे एका बाजूला विचारलेच नाही.

हे वाचताना मला चुल्लवग्गातली एक पद्धत आठवते. तिचे नाव तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. संघात दोन गट पडले, दोन्हीकडून शिवीगाळ झाली, एकेक दोष काढत बसले तर भांडण वाढेल, अशी वेळ आली की सगळ्यांनी एकत्र जमायचे. एका गटातर्फे एका जाणत्या भिक्खूने आपले आणि आपल्या गटाचे दोष कबूल करायचे, मग दुसऱ्या गटातर्फे दुसऱ्याने. आणि त्यावर गवत घालायचे. अट्ठकथेत याला दाखला दिला आहे तो विष्ठेचा. उघडी राहिली तर घाण येते, वर गवत घातले तर येत नाही. म्हणजे समेट, तडजोड, विसरणे हे धम्माला वर्ज्य नाही. पण अटी काय आहेत? सगळे हजर पाहिजेत. कबुली पाहिजे. आणि दोन प्रकारच्या दोषांवर हे गवत घालता येत नाही. एक, फार गंभीर दोष. दोन, ज्यात गृहस्थाचा संबंध आहे तो दोष. म्हणजे भिक्खूने बाहेरच्या बाईमाणसाचे वाईट केले असेल तर भिक्खूंनी आपसात बसून ते झाकायचे नाही. ज्याचे वाईट झाले तो त्या सभेत नाहीच, तर त्याच्या वतीने माफ करणारे तुम्ही कोण?

१९९५ च्या निर्णयात हजेरी नव्हती, कबुली नव्हती, नुसते गवत होते.

योगायोग असा की त्याच १९९५ साली दक्षिण आफ्रिकेने सत्य आणि समेट आयोगाचा कायदा केला. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष होते. गोऱ्यांच्या राजवटीतल्या अत्याचारांना माफी मिळणार, पण कधी? राजकीय हेतूने केलेले सगळे कृत्य ज्याने आयोगापुढे पूर्ण सांगितले त्याला. सात हजारांवर लोकांनी अर्ज केले, ८४९ जणांना माफी मिळाली. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने तर अशी माफी द्यायलाच कोर्टात विरोध केला होता. ते हरले. पण बिकोंच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या पोलिसांना आयोगाने १९९९ मध्ये माफी नाकारली. त्या आयोगावरही तिकडे पुष्कळ टीका आहे. तरीपण निदान आईबापांना समोर बसून ऐकता आले की आपल्या पोराचे काय केले.

कोणी म्हणेल, मग तुम्हाला काय, सगळ्यांना फाशी पाहिजे? याचेही उत्तर द्यावे लागेल. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरेखाताई, प्रियंका, रोशन आणि सुधीर. आपल्या शहरातही मोर्चे निघाले. 'फाशी द्या, फाशी द्या' म्हणणाऱ्यांत मीही होतो, घसा बसेपर्यंत. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षे कैद केली. तेव्हा फार राग आला होता. नंतर एकदा घटना समितीतले बाबासाहेबांचे ३ जून १९४९ चे भाषण वाचनात आले. सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलावर चर्चा चालू होती. त्यात त्यांनी सांगितले आहे की फाशीविरुद्ध अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करणे मला जास्त पसंत आहे, कारण हा देश आचरणात नसला तरी तत्त्वाने अहिंसा मानणारा आहे. ज्यांच्या लोकांवर हजारो वर्षे अन्याय झाला त्या माणसाने हे म्हटले. मी ते भाषण दोनदा वाचले आणि मोर्च्यातली घोषणा आठवून गप्प बसलो.

पण खैरलांजीत मला खरा सल वेगळा आहे. कोर्टांनी खून मान्य केला आणि ॲट्रॉसिटीचे कलम लागू होत नाही असे ठरवले. म्हणजे शिक्षा झाली पण गुन्ह्याचे नाव घेतले गेले नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले, तोपर्यंत ते नाव मागत राहिले. फाशी की जन्मठेप यापेक्षाही, "हो, हे जातीमुळे झाले" एवढे कोणीतरी अधिकाराच्या खुर्चीवरून म्हणावे, ही भूक मोठी असते. ती मला ओळखता येते.

कायदा मात्र हळूहळू शिकतो आहे, हे कबूल केले पाहिजे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम १५ क नुसार जामीन, सुटका, शिक्षा यांच्या सुनावणीत पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६० व्या कलमात असे घातले आहे की पीडिताला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाने खटला मागे घेऊ देऊ नये. जुन्या कायद्यात सरकारी वकिलाने अर्ज द्यायचा आणि कोर्टाने संमती द्यायची, एवढेच होते. आपल्या वस्तीत ज्यांच्या केसेस चालू आहेत त्यांनी हे दोन आकडे पाठ करून ठेवावेत. समन्स आले नाही तरी तारखेला जाऊन उभे राहावे.

आता त्या पाहुण्याकडे येतो. त्याआधी चुल्लवग्गातलीच आणखी एक हकिकत सांगावी लागेल. सुधम्म नावाच्या भिक्खूने चित्त नावाच्या गृहस्थाला त्याच्या घरच्या धंद्यावरून टोचून बोलले. गोष्ट तथागतांपर्यंत गेली. संघाने ठरवले की सुधम्माने जाऊन त्या गृहस्थाची क्षमा मागायची. चीवरवाल्याने संसारी माणसाची! सुधम्म गेला, पण त्याला शरम वाटली आणि तो न मागताच परत आला. तेव्हा त्याच्याबरोबर दुसरा भिक्खू जोडीला देऊन त्याला पुन्हा पाठवले. संघाने परस्पर माफ करून टाकले नाही. आणि अंगुत्तर निकायात दोन मूर्ख सांगितले आहेत. एक, ज्याला आपला दोष दोष म्हणून दिसत नाही. दुसरा, समोरचा दोष कबूल करत असताना जो तो स्वीकारत नाही. दुसरे वचन आपल्यासाठी आहे, ते विसरू नये.

आई हे काही वाचलेली नाही. तिला सहीपुरते येते. "तुमच्या धर्मात क्षमा हाय" असे तो म्हणाला, तेव्हा ती थोडा वेळ बशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, घर पेटलं तव्हा तुमी कुटं व्हता?"

गावात असताना याला 'मालक' म्हणावे लागायचे. तिने 'दादा' म्हटले.

तो म्हणाला, "लई वर्सं झाली बाई."

"वर्सं न्हाई इचारली. कुटं व्हता त्ये इचारलं. आमी वढ्यात व्हतो. तुमी?"

तो काही बोलला नाही. टोपी काढली, पुन्हा घातली. डोळे भरले होते की उन्हाचा त्रास होता, मला सांगता येणार नाही. मी त्याला रिक्षाने बसस्टँडवर सोडले. रिक्षातही तो गप्प होता. बस लागल्यावर पायरीवर चढून एकदा मागे वळला, काहीतरी म्हणणार असे वाटले, पण मागून लोकांनी लोटले.

घरी आलो तर आईने कपबशी विसळून ठेवली होती. मी म्हटले, "आई, म्हणून टाकायचं ना एकदा, माफ केलं म्हणून. म्हातारा माणूस, दवाखान्यात चकरा मारतोय."

ती म्हणाली, "त्यानं मागितली का? मागितली तर बघीन."

दिवाळीत गावाकडचे कोणी भेटले तेव्हा तिने त्यालाही विचारले, "त्ये म्हातारं बरं हाय का? पुन्ना येनार हाय का हिकडं?"